इथे रबर जाळत नाहीत

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले की अंकात उद्योजिकांचा एक विभाग करतो आहोत, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी उद्योजिका नाही, मी पुल्या साफ करते. ते हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे. विनयाचा काही संबंध नव्हता. दिग्रसला आर्णीच्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं दुकान आहे. तिथे इंजिनांच्या पुल्यांना चिकटलेलं, वितळलेलं पट्ट्याचं रबर काढून देतात. आम्ही पट्टे विकतो, बसवूनही देतो, पण ते कुणीही करतं. रबर काढणारे थोडे आहेत, आणि मी काढते तसं काढणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तेव्हा लिहायचं तर याच्याविषयीच लिहीन असं मी सांगितलं. जरा सावकाश लिहीन, असंही सांगितलं. वर्षभर मला काहीच भराभर जमत नाही.

ज्यांचा इंजिनाशी संबंध चहाच्या टपरीवर उभं राहून बसचा आवाज ऐकण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर एक लोखंडी चाक असतं, ती पुली. तिच्या कडेला गोल खाच असते, वर रुंद आणि खाली अरुंद. त्या खाचेत रबरी पट्टा बसतो आणि इंजिनाची ताकद पुढे चक्कीला, पंपाला, मळणीयंत्राला नेतो. पट्टा खाचेच्या तळाला टेकत नाही. दोन बाजूंच्या भिंतींत तो दाबून बसतो आणि त्या भिंतींच्या जोरावर चालतो. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि आमचा निम्मा धंदा त्या माहीत नसण्यावर आहे.

पट्टा सैल झाला, किंवा पुढचं एखादं बेअरिंग अडकलं, किंवा खाचेच्या भिंतीला तेल लागलं की पट्टा सरकायला लागतो. पुली फिरत राहते आणि पट्टा जागच्या जागी घासतो, तापतो, मऊ होतो. मग त्याचं रबर भिंतीला डांबरासारखं बसतं, त्यात पट्ट्यातले दोरे अडकतात, थंड झालं की सगळं मिळून दगड. अशा वेळी माणूस धावत बाजारात जातो, नवा पट्टा आणतो आणि त्याच घाणीवर चढवतो. नवा पट्टा लोखंडाला शिवतच नाही, तो रबरावर चालतो, आणि आठवड्याभरात तोही जळतो. त्यानंतर माणूस आमच्याकडे येतो आणि आधी पट्टा बनवणाऱ्यांना शिव्या देतो. त्या ऐकून घ्यायच्या असतात. ऐकल्याशिवाय पुली हातात देत नाहीत.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. मुकुटबनकडचे एक वयस्क गृहस्थ दिग्रसला लेकीकडे आले होते, ते येताना पोत्यात बांधून पुलीही घेऊन आले. पोतं सोडलं तर पुलीला मुंग्या लागलेल्या. घसरणाऱ्या पट्ट्याला पकड यावी म्हणून लोक त्यावर राळ टाकतात, हे मला माहीत होतं. यांनी गूळ टाकला होता. आमचा देविदास पुली उलटसुलट करत म्हणाला, "काका, पट्ट्याले चहा पाजला का?" ते अजिबात हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "राळ भेटली नाई. घरी गूळ होता." माणूस अडचणीत हाताशी असेल ते वापरतो, यात हसण्यासारखं काही नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते बरोबर होतं. ती पुली आम्ही आधी गरम पाण्याने धुतली, मग रबराकडे वळलो.

देविदासविषयी सांगायला हवं. देविदास राठोड जवळच्या तांड्यावरून रोज येतो. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा तो आमच्याकडे आला, आता त्याची मुलगी नर्सिंग शिकते. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य घेऊन मुलूखभर फिरत. त्याला बसने यवतमाळला जायचं म्हटलं तरी जिवावर येतं. तो मला वहिनी म्हणतो. वाद घालायचा असला की जास्त वेळा म्हणतो.

आणि माझे पती वासुदेव. दुकान त्यांचं. मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. वडील कोर्टात कारकून होते, घरात पुस्तकं होती, मी मराठीत एम.ए. केलं. लग्न झाल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागले, तेही कादंबरी मांडीवर ठेवून. गिऱ्हाईक आलं की पान दुमडायचं. लोक पाठीमागे मला 'वाचनवाल्या वहिनी' म्हणत आणि मला ते आवडायचं. हळूहळू मी गल्ल्यावरून उठून बाकाशी गेले, कारण कादंबऱ्यांपेक्षा तिथे जास्त घडत होतं. पुलीचा आवाज ऐकून खाच कुठे बिघडली ते सांगायला मला वासुदेवांनी शिकवलं. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही.

पण वासुदेव रबर जाळत असत. सगळेच जाळतात. पुली गॅसच्या तिखट निळ्या ज्योतीसमोर धरली की रबर उकळतं, फुगतं, जळतं, आणि ब्रश मारला की गळून पडतं. अर्ध्या तासात पुली मोकळी. वासुदेवांचा हात त्यात इतका बसलेला होता की लोखंड लाल व्हायच्या आत ते ज्योत मागे घेत. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ते उमेदवारी करत होते तेव्हा तिथल्या वेल्डरकडून हे शिकले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. धूर काळा, दाट, तेलकट. तो पत्र्याला बसला, भिंतीवरच्या कॅलेंडरला बसला. तोंडाला ते ओला पंचा बांधत. संध्याकाळी तो पंचा धुतला की मोरीतून काळं पाणी जाई.

वासुदेवांनी आयुष्यात विडी ओढली नाही. यवतमाळला डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं, जणू खरं मी सांगेन. फुप्फुसं गेली होती. कशानं गेली, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. कापसाची धूळ असेल, धूर असेल, काही माणसांना होतं असं म्हणाले. माझ्याकडे पुरावा नाही, आणि मला तो नकोही आहे. मी पंचा धुतलेला आहे.

ते घरी पलंगावर होते तेव्हाच मी दुकानात जाळणं बंद केलं. एवढा शहाणपणा मी कुठून आणला असं विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. निरनिराळं करून पाहिलं, त्यातलं पुष्कळसं फसलं. लोखंडी छिन्नीने रबर निघतं, पण खाचेच्या भिंतीला ओरखडे पडतात आणि ते ओरखडे पुढचा पट्टा कातरतात. ग्राइंडर लावला की भिंतीचा उतारच बदलतो, मग पुली भंगारात. शेवटी जे जमलं ते असं. डिझेलमध्ये भिजवलेला जाड सुती दोर खाचेत घट्ट गुंडाळायचा, वर ओलं पोतं टाकायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. डिझेल पिऊन रबर फुगतं आणि लोखंडाची पकड सोडतं. सकाळी उन्हं चढायच्या आत, लोखंड गार असताना, बांबूच्या कामट्यांनी ते उचलायचं. बांबू रबरापेक्षा कडक आणि लोखंडापेक्षा मऊ, म्हणून भिंत शाबूत राहते. उरलेला काळा थर बाभळीच्या पाचरीने आणि चुलीतल्या राखेने घासायचा. मग सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कारण डिझेलचा थेंब राहिला तर नवा पट्टा पुन्हा घसरेल. शेवटी खाचेतून पांढरा कपडा फिरवायचा. कपडा पांढरा निघाला तरच पुली परत द्यायची.

थंडीत हे काम छान होतं, रबर पट्ट्या-पट्ट्यांनी निघतं. उन्हाळ्यात ते ओघळतं आणि कोपरापर्यंत येतं.

मी हे वासुदेवांना पलंगाशी बसून सांगितलं तेव्हा ते हसले, आणि हसल्यामुळे बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "चांगलं हाय. पन गिऱ्हाईक थांबन का तुह्यासाठी?"

मी म्हटलं, थांबायला लावीन.

"मोठी आली," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. त्यांना ते पटलं होतं की नाही हे मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. ते वैशाखात गेले.

दिवस झाल्यावर मी दुकानाच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'इथे रबर जाळत नाहीत.' पुष्कळांना वाटलं नगरपालिकेचा नवा नियम आला. मी तसं वाटू दिलं.

माझे दीर यवतमाळला असतात, नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने चांगले. ते म्हणाले, वहिनी, आता या वयात हात कशाला काळे करता, एक मोबाईलवाला जागा भाड्याने घ्यायला तयार आहे, घरबसल्या भाडं येईल, तुम्ही वाचत बसा. वाचत बसा हे ते मनापासून म्हणाले. मी म्हटलं, कापसाचा एक हंगाम पाहू. त्यांनी विचारलं की हंगाम नाही चालला तर? मी म्हटलं, तर बोलू. त्यांनी त्याचा अर्थ होकार घेतला.

हंगाम म्हणजे गावातली एक जुनी जिनिंग मिल. तिचं नाव देत नाही. आमच्या दुकानाचं वर्ष त्या एका मिलवर उभं असायचं. दसऱ्याच्या आधी तिथल्या सगळ्या पुल्या आमच्याकडून साफ होऊन जात, आणि हंगामभर काही ना काही येत राही. त्या वर्षी दसऱ्याआधी बोलावणं आलं नाही. वासुभाऊ नाहीत, कोण करणार, असं तिथे ठरलेलं दिसत होतं.

इथे एक रीत सांगावी लागेल, कारण ती आमच्याच भागातली असावी. दसऱ्याला यंत्रांची पूजा सगळीकडे होते. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पण आमच्याकडच्या मिलमध्ये इंजिनाला मारुतीसारखा शेंदूर लावतात, तेलात कालवून. इंजिनाच्या अंगाला लावला तर काही बिघडत नाही. पण पूजेचा माणूस भक्तीत असला की त्याचा हात थांबत नाही, तो बोटं पुलीवरून फिरवतो, खाचेतूनही फिरवतो, कारण फिरतं ते चाकच त्याला देवाचं वाटतं. मग दिवाळीनंतर हंगामाचा मुहूर्त होतो, इंजिन सुरू होतं, आणि तेलकट खाचेत पट्टे घसरायला लागतात. वासुदेव दरवर्षी पूजेला जाऊन उभे राहत आणि हात जोडता जोडता पुलीवर पोतं टाकून ठेवत. बाकी सगळीकडे शेंदूर, पुलीवर पोतं. लोकांना वाटे तीही एक रीतच आहे. त्या दसऱ्याला पूजेला मला बोलावलं नव्हतं. का ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मुहूर्तानंतर दोनच दिवसांनी मिलचे फिटर गफ्फारभाई दुकानात आले. वीज असली की मिल विजेवर चालते, वीज गेली की मोठं डिझेल इंजिन लावतात. वीज गेली होती, इंजिन लावलं होतं, आणि त्याच्या मोठ्या पुलीवरचे पाचही पट्टे आपापल्या खाचांत वितळले होते. गफ्फारभाई पंचवीस वर्षं तिथे आहेत, वासुदेवांचे मित्र. पायरीवर बसून त्यांनी आधी कपाळ पुसलं. "भाभीजी, माझी गलती नाई. मी पोचलो तवा शेंदूर लागून गेल्ता. मंग मी राळ मारली. राळ मारल्यावर तर अजूनच सत्यानाश झाला."

शेंदूर, तेल, राळ आणि जळकं रबर. मी आजवर असं मिश्रण पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, येतो.

 मिलच्या फाटकापाशी आल्यावर देविदास बोलला. तो म्हणाला की वहिनी, पुली दांड्यावरून निघणार नाही, तिला दांड्याशी जखडणारी चावी गंजलेली आहे, जागेवरच करावं लागेल, आणि हे काम आपल्या पद्धतीनं उद्या दुपारशिवाय होत नाही. मालक थांबणार नाही. ही मिल गेली तर तुमचे दीर दुकानाला कुलूप लावतील. मग मी कुठं जाऊ? मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे. मग तो थांबून म्हणाला, "वहिनी, एक खेप गॅस लावू. एकच. भाऊ असते तर त्यायनं लावलाच असता."

हे खरं होतं. वासुदेवांनी लावला असता, पंचा बांधून, अर्ध्या तासात, आणि मालकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली असती. मी ज्याच्यासाठी हट्ट धरून बसले होते तो माणूस माझ्या बाजूने नव्हता. मेलेल्या माणसाचा शब्द पुढे करणं सोपं असतं. मला ती सोय नव्हती. मी देविदासला म्हटलं, "ते असते तर ते त्यांनी ठरवलं असतं. आता मी ठरवते."

इंजिनाची शेड मिलच्या मुख्य इमारतीपासून वेगळी, तीन बाजूंनी पत्रा, वर एक छोटा झरोका. आत जळक्या रबराचा वास अजून होता. पुली माझ्या छातीपर्यंत उंच. पाचही खाचा काळ्या, त्यात मध्येमध्ये शेंदराच्या नारिंगी रेषा, आणि पट्ट्यांचे दोरे लोंबत होते. मी वाकून पाहत होते तेवढ्यात मालक आले. मालक म्हणजे जुन्या शेटजींचा मुलगा. आम्ही त्याला लहानपणापासून पाहिलेला. त्याने मला नमस्कार केला, वासुदेवांविषयी दोन शब्द बोलला, आणि मग घड्याळ पाहिलं. बाहेर अंगणात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. विजेचा भरवसा नव्हता.

"वहिनी, तुम्ही ऑफिसात बसा, चहा घ्या," तो म्हणाला. "सिलिंडर इथंच आहे आमच्या वेल्डरचा. देविदासला येतं. तासाभरात होऊन जाईल."

मी सांगितलं की आम्ही जाळत नाही. आज दोर लावून ठेवू, उद्या दुपारी इंजिन तयार देऊ. दुसरा माणूस बोलावून गॅसने करून घ्यायचं असेल तर तसं करावं, माझं काही म्हणणं नाही, आम्ही जातो.

तो म्हणाला की उद्या दुपारपर्यंत वीज गेली तर गाड्यांचं काय? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. मग त्याने झरोक्याकडे बोट दाखवलं, हवा आहे म्हणाला, तोंडाला रुमाल बांधू, पंखा लावू. तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटत होतं की अडचण रुमालाची आहे. मग तो माझ्यावरून नजर काढून देविदासकडे वळला आणि मी तिथे नसल्यासारखा म्हणाला, "देविदास, तू सांग. गॅस लावायचा ना?"

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर तो माझा हुकूम झाला असता, आणि देविदास दुसऱ्याच्या हुकमावर नाही म्हणाला असं झालं असतं. गफ्फारभाई कोपऱ्यात उभे होते. देविदासने पुलीवर हात ठेवला, खाचेतला एक लोंबणारा दोरा ओढून पाहिला, तो तुटला नाही.

"मले येते, मालक," तो म्हणाला. "पन मी लावत नाई."

मालकाने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग "उद्या दुपार म्हणजे दुपार," एवढं बोलून गेला.

आम्ही चाकाच्या आऱ्यांत लाकडी ठोकळा अडकवून इंजिन पक्कं अडवलं. पट्ट्यांचे उरलेले तुकडे कापून काढले. मग दोर भिजवून एकेक खाच भरत गेलो. देविदास गुंडाळायचा, मी ओढून धरायची. गफ्फारभाईंनी न सांगता पोती ओली करून आणली. निघताना ते म्हणाले, शेडला रात्री मीच कुलूप लावतो, कुणी सिलिंडर आणला तर मला आधी उठवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. थंडी सुरू झाली होती, लोखंडाला हात लावला की बोटं आखडत होती. आम्हाला तेच हवं होतं. पोतं काढलं, दोर सोडले, आणि मी पहिली कामटी घातली. रबर एका बाजूने उचललं गेलं आणि पोळीच्या कडेसारखं सुटून आलं. आतलं लोखंड राखाडी, स्वच्छ. देविदासने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या खाचेत कामटी घातली. पण सगळं इतकं सोपं नव्हतं. जिथे राळ पडली होती तिथे रबर काचेसारखं कडक झालं होतं, त्याला डिझेल शिवलंही नव्हतं. तिथे पुन्हा पुन्हा दोर लावला, पाचरीने ठोकलं, नखांनी काढलं.

काम करता करता देविदास मान वर न करता बोलायला लागला. कशावरून तरी त्याच्या आईचा विषय निघाला. त्याची याडी म्हणते की तुझ्या अंगाचा धुराचा वास गेला, आता तू जेवायला बसलास की मला मळमळत नाही. मी हसले. तो हसला नाही.

"भाऊ खोकलत बसे तवा मी रेडिओ मोठा करो," तो म्हणाला. "आयकू येऊ नये म्हनून. भाऊले बी कळे मी काहून मोठा केला ते. ते म्हनत, गानं चांगलं हाय."

मी हातातलं काम थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. शेजारच्या खाचेत त्याची कामटी तशीच चालत राहिली. शेडच्या झरोक्यातून उजेड पुलीवर यायला लागला आणि आम्ही ऊन चढायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढत राहिलो.

राखेने घासणं, सोड्याचं पाणी, कोरडं करणं. मालक मधून दोनदा येऊन उभा राहून गेला. वीज गेली नाही, हे आमचं नशीब, त्याचं श्रेय मी घेत नाही. पांढरा कपडा पहिल्या फेरीत काळा निघाला. दुसऱ्या फेरीत करडा, मग नारिंगी, कारण शेंदूर कुठेतरी राहिलाच होता. शेवटी पांढरा. नवे पट्टे चढवले, ताण पाहिला. गफ्फारभाईंनी इंजिन सुरू केलं. पट्टे खाचांत दाबून बसले आणि आवाज एकसारखा झाला, एकही किंकाळी नाही. दुपार नुकती कलली होती. मालक उशीर झाला म्हणाला नाही, आणि चांगलं झालंही म्हणाला नाही.

त्या हंगामात मिलने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. यवतमाळकडून एक गॅसवाला येऊ लागला. त्याला मी एकदा बसस्टँडवर पाहिलं, तरणा मुलगा आहे, गळ्यात पंचा होता. मी त्याच्याशी बोलायला गेले नाही. आता वाटतं, जायला हवं होतं.

दीरांचा फोन आला. हंगामाचं त्यांना कळलं होतं. मोबाईलवाला माप घ्यायला येतो आहे, रविवारी त्याला दुकान दाखवा, म्हणाले. मी म्हटलं, त्याला पाठवू नका. ते म्हणाले, वहिनी, आपलं ठरलं होतं. मी म्हटलं, आपण बोलू असं ठरलं होतं, आता बोलतो आहोत. मिल गेली, दुकान आहे.  ते हळूच म्हणाले, दादा असता तर त्याने ऐकलं असतं. मी म्हटलं, ते असते तर त्यांनी ऐकलं असतं, खरं आहे. मी फोन ठेवला आणि पुन्हा लावला नाही.

मिल गेल्यावर वर्ष कसं काढलं, ते विचारू नका. निघालं. चक्कीवाल्या बाया येतात, त्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुली ठेवून जातात आणि सकाळी नेतात, त्यांना घाई नसते कारण रात्री कुणी दळण आणत नाही. मळणीवाले हंगाम सोडून येतात. लग्नात जनरेटर लावणारे येतात, ते मात्र आरडाओरडा करतात आणि दुसरीकडे जातात. दुसरीकडे जाणाऱ्यांना आम्ही थांबवत नाही. त्यातले काही परत येतात, त्यांनाही काही म्हणत नाही. देविदास आता स्वतः कामट्या तासतो, बुरुडाकडच्या त्याला पसंत पडत नाहीत.

परवाची गोष्ट. दुपारी गफ्फारभाई आले. मिलचा निरोप असेल असं मला एक क्षण वाटलं, पण त्यांच्या हातात एक लहान पुली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांच्या बहिणीच्या चक्कीची. खाचेत रबर नेहमीसारखंच बसलेलं. मी विचारलं, मिलमध्ये गॅसवाला आहे, तिथे काहून नाही केली?  ते पायरीवर बसले, चहा घेतला, मिलच्या नव्या मशीनविषयी बोलले. मग उठताना म्हणाले, "भाभीजी, कधी न्यायची? बहीन उद्या सकाळी मांगते. दळन पडून आहे."

मी पुली हातात घेतली, खाचेत नख घालून पाहिलं. वरवर मऊ होतं, पण आत कडक होतं, बहुतेक राळ.

"परवा," मी म्हटलं.

"उद्या नाई होत?"

"नाही. परवा."

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग देविदासकडे. देविदास कामटी तासत होता, त्याने मान वर केली नाही. गफ्फारभाईंनी वर्तमानपत्राची घडी करून खिशात घातली.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो तिला, थांब म्हणून."